शालीची जागा

लग्नाची सुपारी द्यायला आलेल्या माणसाला बॅटरीमास्तरांचा पहिला प्रश्न तारखेचा नसे आणि बिदागीचाही नसे. ते विचारत, "ट्रॅक्टर कोनाचा हाय?"

समोरचा गोंधळून जाई. नवरदेव घोड्यावर बसणार, मध्येच ट्रॅक्टर कुठून आला? मग मास्तर शांतपणे समजावत. त्यांची गिटार विजेवर चालणारी. गावात वीज होती ती खांबापर्यंत. वरातीबरोबर चालत येण्याची तिला सवय नव्हती. म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढायची, हातगाड्यावर ठेवायची, तिला भोंगा जोडायचा आणि मास्तरांनी गिटार गळ्यात अडकवून गाड्याच्या पुढे चार हात चालायचं. वायर तेवढीच होती. ज्याचा ट्रॅक्टर नवा त्याचं लग्न दणक्यात वाजे. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या वराती मारुतीच्या देवळापर्यंत येता येता आवाजाने रोडावत. कोणी तक्रार केलीच तर मास्तर म्हणत, "आपन काय करनार? जशी बॅटरी तसं लगीन."

आमचं गाव युसूफ वडगावच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. मी तिथे शाळेत शिकवत होतो. पण गावात नुसतं मास्तर म्हटलं की लोक त्यांनाच समजत आणि मला गुरुजी म्हणत. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. माझ्यामुळे कोणी नाचल्याचं उदाहरण नव्हतं.

गिटार त्यांनी आणली हैदराबादहून. तरुणपणी बांधकामावर गेले होते, पण एका मोठ्या हॉटेलात फरशी पुसण्याचं काम मिळालं. तिथे संध्याकाळी एक म्हातारा ख्रिस्ती वादक गिटार वाजवी. मास्तर त्याच्या पायाशी असलेली फरशी इतक्या वेळा पुसत, की बाकीचं हॉटेल मळकं आणि तेवढाच चौकोन आरशासारखा. म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलं. त्याने त्यांना शिकवलं आणि हॉटेल बंद पडलं तेव्हा गिटारही देऊन टाकली. तिची एक खुंटी तुटलेली होती, ती शेवटपर्यंत पक्कडीनेच पिळावी लागे. त्या म्हाताऱ्याकडे एका अमेरिकन वादकाची तबकडी होती. तिच्यावरचा फोटो मास्तर कधी विसरले नाहीत.

"आपल्यावानी काळासावळा हुता, गुरुजी. म्हातारा म्हनला, ही वाजवायची तऱ्हा जगात पैल्यांदा काढनाऱ्यातला हा एक. लोक त्याच्या वाजवन्यावर बेभान नाचायचे, आन् जेवायला त्याला मागल्या दारानं पाठवायचे. मी म्हनलं, मंग ह्यो आपल्याच तालुक्यातला की!"

हे ते हसत सांगत. पण वाक्य जिथे लागायचं तिथे लागे. आमच्याकडे वाजवणाऱ्यांची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागच्या बाजूला बसे. मास्तरांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि त्याच वर्षी गावकीची हलगी कायमची खाली ठेवली. मुलगा पुन्हा वाद्य घेऊन वरातीपुढे चालू लागला तेव्हा ते सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. "बापाला हुकूम यायचा. मला आमंत्रन येतं. न्हाई म्हनायची सोय झाली की काम करायला मजा येती." वर्षातून एकदा, जयंतीच्या मिरवणुकीत, ते बिदागी घेत नसत आणि त्या दिवशीची बॅटरी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची नसे. त्यासाठी केजहून भाड्याने आणत. "ह्या दिवशी उसनं न्हाई वाजवायचं," एवढंच कारण.

घरात त्यांचा एकच नियम होता. गयाकाकूंचं ऐकायचं. गयाकाकू त्यांच्या पत्नी. अंगात कोणता सदरा घालायचा, कोणत्या गावाला जायचं, भाकरी किती खायची, सगळं त्या ठरवत. मी एकदा चिडवलं, "मास्तर, घरात तुमचं म्हणून काही चालतं का?" ते म्हणाले, "चालतं की. मी चालतो. ती म्हनंल तितं."

ऐकण्यात त्यांचं नुकसान मात्र कधी झालं नाही. मोठ्या दुष्काळात लग्नं थांबली तेव्हा दोघे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले. दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"तुमी पाट्या वाहा. डावा हात ठेचला तर वाजवनार कशानं, तोंडानं?"

मुकादम ओरडला, "बाई खडी फोडती आन् गडी पाट्या वाहतो, ही कुठली रीत?"

"रीत ऱ्हाऊ द्या, मुकादम," काकू म्हणाल्या, "ढीग बघा कोनाचा मोठा हाय."

ढीग काकूंचाच मोठा होता. मास्तर डाव्या हाताला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून पाट्या वाहत राहिले. लोक हसले तर म्हणत, "हसा बे हसा. तुमच्याच पोरांच्या वराती बांधल्यात ह्या चिंधीत."

त्यांचं खरं वैभव म्हणजे कोपऱ्याची चाल. वरात मांडवाच्या आधीच्या शेवटच्या वळणावर आली की मास्तर थांबत, मान डोलवत आणि ती सुरू करत. पहिले तीन सूर असे खेचलेले, की कोणी नवं पोतं टरकावतंय असं वाटावं. मग किसन ताशेवाला आत शिरे, आणि हैदराबादचं हॉटेल, अमेरिकेतला तो फोटोतला माणूस आणि आमच्या गावचा बोळ एका तालात चालू लागत. मानपानावरून रुसलेले मामा लोक या चालीवर हमखास फुटत. आधी एक पाय हले, मग खांदा, मग रुमाल बाहेर. मुलीच्या बापाने तासभर हात जोडून जे साधत नसे, ते या चालीने चार मिनिटांत साधे.

ही चाल त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हती, आणि ती त्यांना शिकवताही येत नव्हती. यात काही लपवाछपवी नव्हती. केजजवळचा दिलीप बेंजोवाला कितीदा तरी येऊन बसला. मास्तर प्रेमाने गिटार घेत, खाटेवर बसत, आणि बोटं पुतळ्यासारखी थांबत. "मी चालत असलो की बोटं चालत्यात. बसलो की ती पन बसत्यात. हळू वाजवा म्हनलं की त्यास्नी कायच आठवत न्हाई." शेवटी दिलीपने एका वरातीत त्यांच्यापुढे उलटं चालत बोटं पाहायचं ठरवलं. निम्मी चाल त्याने बरोबर पाहिली. उरलेली निम्मी वाजत असताना तो गटारात होता. एकाने टेपरेकॉर्डरही आणून पाहिला. त्यात फटाके आले, किसनचा ताशा आला आणि "ए, सरक की बे!" हे अतिशय स्वच्छ आलं. गिटार शोधावी लागत होती.

साठी उलटल्यावर मास्तरांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, की फार तर हे वर्ष. पुढे बोटं वळणार नाहीत. मास्तर परत आले ते थेट माझ्याकडे. पहिल्यांदाच मी त्यांना विनोदाशिवाय बोलताना ऐकलं. पण तेही एकच वाक्य.

"गुरुजी, चाल कुठंतरी ठिवायला पायजे."

मग त्यांनाच ते सहन झालं नसावं. "माझ्यासंगं मसनात नेऊन काय करू?" ते म्हणाले. "तितं कोन नाचतंय?"

त्याच वर्षी आमच्या सहकारी दूध संस्थेचा रौप्यमहोत्सव आला. साल पुन्हा दुष्काळाचं. गावात टँकर येत होता, गुरं चारा छावणीत होती आणि संस्थेत दुधापेक्षा हार जास्त येणार अशी चिन्हं होती. चेअरमन आबा समारंभाचं मानपत्र लिहून घ्यायला माझ्याकडे आले. पंचक्रोशीत सत्कार कोणाचाही असो, मानपत्र मीच लिही. त्यामुळे आमच्या भागातला प्रत्येक पुढारी निगर्वी, निष्कलंक आणि सेवाव्रती आहे. तिन्ही शब्द माझेच आहेत आणि मला त्याचा पश्चात्ताप आहे. आबांनी सांगितलं, की समारंभाचं व्हिडिओ शूटिंग होणार आहे, पण सत्कार कोणाचा करावा ते ठरत नाही. एकाचा केला तर दुसरा रुसतो. मी म्हणालो, ज्यांनी सगळ्यांचेच रुसवे काढले त्यांचा करा. आबा म्हणाले, "माज्या वरातीत मामांना मास्तरांनीच उठवलं हुतं." ठरलं. त्यांना सत्कारासाठी माणूस हवा होता आणि मला चालीसाठी कॅमेरा.

मास्तरांना बसून वाजवता येत नाही, म्हणून दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून लांबट स्टेज केलं. सहा पावलं जायला, सहा पावलं यायला. डॉक्टरांनी त्या दिवसापुरतं इंजेक्शन दिलं होतं. शूटिंगवाला लग्नांत मुरलेला गडी होता. मी त्याला दोन वेळा चहा पाजला आणि तीन वेळा बजावलं, "पाहुणे नाही घेतलेस तरी चालेल. मास्तर वाजवतील तेव्हा कॅमेरा त्यांच्या बोटांवरून हलवायचा नाही."

"पाहुन्यांचे तोंड न्हाई घ्यायचे?" त्याला ते पटेना. पण कबूल झाला.

समारंभ चारला होता, प्रमुख पाहुणे सव्वासहाला आले. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या आणि त्यामागे दोरीपलीकडे छावणीतली गुरं. भाषणं शांतपणे कोणी ऐकली असतील तर त्या शेवटच्या रांगेने. मास्तरांना फेटा बांधला, नारळ दिला, शाल पांघरली. सत्काराच्या शालीला ऊब नसते, नुसती झळाळी असते. ती त्यांच्या खांद्यावर ठरेना. बायकांच्या बाजूला बसलेल्या गयाकाकूंनी ते पाहिलं, हातातल्या बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि वर धरून खुणावलं, लावू का? मास्तरांनी मान हलवली. नाही. चार लोकांत, स्टेजवर, बायकोने येऊन पिन लावायची? काकूंनी पुन्हा पिन दाखवली. मास्तरांनी पुन्हा नाही म्हटलं. एवढ्या वर्षांत काकूंना नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. शाल काढून ठेवायचीही सोय नव्हती. पाहुण्यांनी घातलेली शाल त्यांच्यादेखत उतरवली की तो त्यांचा अपमान होतो, असं आमच्याकडे सगळे मानतात.

तेवढ्यात वीज गेली. प्रमुख पाहुण्यांचं भाषण अर्ध्यावर तुटलं. विजेने आमच्या गावावर केलेले उपकार मोजकेच आहेत, त्यांत हा पहिला. स्टेजवरून मास्तरांचा आवाज आला, "ट्रॅक्टर कोनाचा हाय?"

"माजा!" आबा खुर्चीतून उठून ओरडले, आणि सगळं गाव हसलं.

बॅटरी आली, शूटिंगवाल्याने आपला बॅटरीवरचा दिवा मास्तरांवर धरला. मास्तरांनी पक्कडीने खुंटी पिळली, किसनकडे पाहिलं आणि चालू लागले. ते तीन सूर निघाले तेव्हा छावणीतल्या बैलांनीही माना वर केल्या. सुजलेली बोटं कुठे गेली कोण जाणे. सहा पावलं गेले, सहा आले. मध्यावर, चाल जिथे वर चढते तिथे, शाल डाव्या खांद्यावरून सटकली आणि कोपरात अडकली. मास्तर थांबले. खांदा उडवला, शाल मागे फेकली. किसनने ताशा सोडला नाही. दोन ठोके एकट्याने सांभाळले. मग मास्तरांनी जिथे सोडलं होतं तिथूनच सूर उचलला. संपलं तेव्हा रुमाल बाहेर काढलेल्यांत प्रमुख पाहुणेही होते.

जेवणात मास्तर पहिल्या पंगतीला, पाहुण्यांच्या शेजारी. वरणाचा पहिला घास घेऊन त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

"वरन गरम असतंय व्हय, गुरुजी! मला वाटायचं, लग्नाचं वरन थंडच करत्यात."

पंधरा दिवसांनी कॅसेट आली. संस्थेच्या कार्यालयात टीव्हीपुढे आम्ही सगळे जमलो. मास्तर, काकू, किसन, आबा, दिलीप, कॅसेट घेऊन आलेला शूटिंगवाला आणि मी. हार, दीपप्रज्वलन, पाहुणे, सगळ्यांच्या मागे सनई वाजत होती. मास्तर उठले, गिटार उचलली. डाव्या खांद्यासकट बोटं पडदाभर दिसू लागली, एकेक तार मोजता यावी इतकी स्वच्छ. आणि मागे सनईच वाजत राहिली.

मी शूटिंगवाल्याकडे पाहिलं. "गिटारचा आवाज?"

"वरिजनल आवाजात लई कचरा येतो, सर," तो अभिमानाने म्हणाला. "लेकरं, भांडी, माइकची शिट्टी. लग्नातला पन आमी सगळा काढूनच टाकतो. वर सनई सोडली. कसं पवित्र वाटतंय बघा!"

"मूळची कॅसेट?"

"तिच्यावर दुसऱ्या दिवशी हळद घेतली."

त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. बोटांवरून कॅमेरा हलवायचा नाही, हे मी तीनदा सांगितलं होतं. आवाज ठेव, हे सांगावं लागतं असं मला कधी वाटलंच नव्हतं. इंजेक्शन उतरलं होतं, मास्तरांची बोटं आता भाकरी मोडायलाही तयार नव्हती. सनई आपली मंगल वाजत होती. मला मास्तरांकडे पाहवत नव्हतं.

मास्तर म्हणाले, "दिलीप, आवाज बंद कर बे त्याचा."

दिलीपने केला. आता नुसती बोटं. मास्तर पुढे सरकले आणि स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कोणा हुशार माणसाचा असावा तसे पाहू लागले. मग पडद्यावरच्या बोटांबरोबर तोंडाने चाल म्हणू लागले. किसनने टेबलावर ताल धरला. चाल संपल्यावर मास्तर हसले.

"आता सापडली बोटं! मला इचारलं की विसरत्यात, पन ह्या डब्यात थांबवली की थांबत्यात. दिलीप, मागं घे. उद्या बेंजो घेऊन ये. तुला ह्या बारीला गटारात पडायची गरज न्हाई."

मग महिनाभर संस्थेच्या कार्यालयात शाळा भरली. दुधाचं काम नव्हतंच. आवाज बंद केलेली कॅसेट पुढे-मागे व्हायची, मास्तर खुर्चीतून तोंडाने सूर सांगायचे, दिलीप बेंजोवर काढायचा. त्याचं ऐकून आणखी चार-पाच वाजवणारे येऊ लागले. ज्या दिवशी दिलीपने पूर्ण चाल वाजवली, त्या दिवशी तो मध्यावर आला आणि थांबला. डावा खांदा उडवला. दोन ठोके गेले, मग पुढे निघाला. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी म्हणालो, "अरे, तिथे शाल घसरली होती. ते चालीत नाही."

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "चांगलं वाटतंय. मामाला रुमाल काढायला येळ पायजेच की."

त्यानंतर दोन वर्षांनी मास्तर गेले. जाण्यापूर्वी काही महिने हाताने कप धरता येत नव्हता. काकू चहा बशीतून पाजत. मी भेटायला गेलो की ते पहिलं विचारत, "कोनी वाजवली का?" मी गावाचं नाव सांगे, आणि ते समाधानाने उशीवर टेकत. त्यांच्या अंत्ययात्रेत दिलीपने कोपऱ्याची चाल वाजवली नाही. ती वरातीची आहे, तिचा मान वेगळा, असं म्हणाला. मला ते शहाणपणाचं वाटलं.

मागच्या लग्नसराईत मी गेवराई तालुक्यात उमापूरला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. वरातीपुढे अनोळखी बेंजो पार्टी होती. शेवटच्या वळणावर पोतं टरकावल्यासारखे ते तीन सूर निघाले आणि माझ्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. मध्यावर बेंजोवाला थांबला, डावा खांदा उडवला, दोन ठोके ताशाला सोडले आणि पुढे गेला. त्याबरोबर सगळे नाचणारेही दोन ठोके थांबले आणि सगळ्यांनी डावा खांदा उडवला.

वरात संपल्यावर मी त्याला गाठलं. "मध्येच थांबलात ते का?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "चालच तशी हाय, काका. न थांबता वाजवली तर मजा जाती. आमच्या उस्तादानं तसंच शिकवलंय."

"आणि खांदा?"

"तो उडवायाच लागतो."

मी त्याला काही सांगितलं नाही. आयुष्यात मी इतके सत्कार पाहिले, इतकी मानपत्रं लिहिली. त्यांतलं लोकांनी पुढे चालवलेलं असं एवढंच एक.

गावी परतल्यावर मात्र गयाकाकूंकडे गेलो आणि उमापूरची सगळी हकीकत सांगितली. त्या दारात तूर निवडत होत्या. ती सत्काराची शाल आत गिटारवर पांघरलेली दिसत होती. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. मनगटावरच्या बांगडीला अडकवलेली पिन त्यांनी दोन बोटांनी चाचपली.

"जल्मभर माजं ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "एकदाच ऐकलं न्हाई. आन् तेवढंच ऱ्हायलं बघा."

आणि सुपातल्या तुरीवर वाकून खुदखुदत राहिल्या.